दात दुखत नसताना डेंटिस्टकडे कशाला जायचं? (आणि आमच्या बंड्याचे दात)

नमस्कार मंडळी, मागं पिशव्या तशाच पडलेल्या दिसतील, भाजी अजून निवडायची आहे, पण आज जे बघून आले ते लगेच सांगावंसं वाटलं म्हणून कॅमेरा लावला.

शनिवार म्हणजे आमच्याकडं साठलेल्या कामांचा दिवस. सकाळी गिरणीत दळण टाकलं, कपिलतीर्थ मार्केटातून भाजी आणली, आमच्या कुत्र्याला, बंड्याला, रेबीजच्या वर्षाच्या इंजेक्शनला न्यायचं होतं आणि मध्ये साडेअकराला माझी राजारामपुरीत डेंटिस्टची अपॉइंटमेंट. नेमका आईचा फोन आला, म्हणाली दात दुखतोय का, म्हटलं नाही, तर म्हणे मग कशाला जातीस?

आता हे बघा. आपण कितीही घासलं तरी दातांवर सतत एक चिकट थर बसत असतो, तो नीट निघाला नाही की लाळेतला कॅल्शियम त्यात साठायला लागतो आणि दोन-तीन दिवसांतच तो कडक व्हायला सुरुवात होते, त्यालाच आपण किटण म्हणतो. एकदा किटण झालं की ब्रशनं निघत नाही, कितीही जोर लावा, उलट जोरानं हिरडी सोलते. आणि ते सगळ्यात जास्त कुठं चढतं माहितीये? खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं बरोब्बर तिथंच उघडतात. आरशात या दोन्ही जागा आपल्याला दिसत नाहीत, आणि ते दुखतही नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

डॉक्टरांनी काय केलं, तर आधी छोट्या आरशानं सगळं बघितलं आणि मग एक बारीक खुणा असलेली सळई घेऊन दात आणि हिरडीमधली फट मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक, चार-पाच झालं की समजायचं हिरडी दातापासून सुटायला लागली. माझं एका दाढेपाशी चार आलं. दुखत काहीच नव्हतं हां! मग स्केलिंग केलं, म्हणजे किटण खरवडून काढलं, कंप पावणारं टोक आणि पाण्याचा फवारा, वीसेक मिनिटं.

इथं एक गैरसमज अगदी मनापासून काढायचाय. "स्केलिंगनं दात हलतात, फटी पडतात" हे मी लहानपणापासून ऐकत आलीये. फटी आधीपासून असतात, किटणानं बुजलेल्या असतात, ते काढलं की जिभेला कळतात एवढंच. दोन-चार दिवस गार पाणी झोंबतं, मग थांबतं.

आणि हिरडीतून रक्त येतंय म्हणून तिथं ब्रश लावायचंच बंद करू नका, प्लीज. रक्त येतंय म्हणजे तिथं थर साठून सूज आलीये, मऊ ब्रशनं हळूच पण रोज तिथंच घासायचं, तरी थांबलं नाही तर दाखवायचं. माझी आजी हिरड्या दुखल्या की मिश्री लावायची, तिला बरं वाटायचं, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यानं तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. घरात कुणी लावत असेल तर रागावू नका, पण सोबत बसून बोला.

आता बंड्या. दुपारी इंजेक्शन झाल्यावर मी सहज व्हेट डॉक्टरांना म्हटलं याचे पण दात बघा की, तर त्यांनी ओठ वर केला आणि वरच्या मोठ्या दाढेवर हेच तपकिरी किटण! कुत्र्याला बेचाळीस दात असतात, मांजराला तीस, आणि किटण चढायची रीत आपल्यासारखीच. तोंडाला वास येतो तो "कुत्र्याचा वासच असतो" असं आपण समजतो, खरं तर बऱ्याचदा तो हिरड्यांचा असतो. चढलेलं किटण काढायला कुत्र्या-मांजरांना भूल द्यावी लागते, म्हणून चढूच न देणं बरं.

आपली टूथपेस्ट मात्र त्यांना अजिबात लावायची नाही, कारण ते थुंकत नाहीत, गिळतात. त्यातलं फ्लोराइड पोटात जातं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, तिनं कुत्र्याची साखर एकदम खाली जाते, जीवावर बेततं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, नाहीतर नुसतं ओलं फडकं बोटाला गुंडाळून बाहेरच्या बाजूनं पुसायचं. आणि कडक हाडं नकोत, नख दाबून खूण उमटत नाही इतकी कडक वस्तू चावली की हीच मोठी दाढ फुटते. मनीकडं पण लक्ष ठेवतीये, मांजर दुखणं लपवतं, एकाच बाजूनं चावायला लागली किंवा लाळ गळायला लागली की लगेच न्यायचं.

संध्याकाळी बंड्याचे दात पुसले, आज फक्त पुढचे, दाढांपर्यंत हात जायला आठवडा लागेल. मग आईला फोन केला. तिला शुगर आहे, शुगरनं हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हे तिला नीट सांगितलं. तेव्हा हळूच म्हणाली की दोन महिने झाले, खालच्या दातांतून रक्त येतंय, म्हणून तिथं घासतच नाही. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये तिची. मीच घेऊन जाणार आहे.