चिलापी खाऊन चिलापी हटेल का?

उजनीच्या मच्छीमार मंडळींनो, आज इकडं येताना सकाळी धरणाकाठच्या भिगवणच्या मासळी बाजारात थांबलो होतो. लिलाव सुरू व्हायचा होता. एका पाटीत चिलापीचा, म्हणजे तिलापिया माशाचा, ढीग होता. त्यातली एक मादी उचलली आणि अंगठ्यानं तिचा खालचा जबडा दाबला, तर पिवळीधमक अंडी तळहातावर घरंगळली. ज्वारीच्या दाण्याहून थोडी बारीक. ही मासळी अंडी तोंडात उबवते. पिलं पोहायला लागली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. आपले बरेच देशी मासे पावसाळ्यात पाणी चढलं की अंडी सोडतात आणि पुढचं नदीच्या हवाली करतात. चिलापी मात्र वर्षातून अनेकदा अंड्यावर येते आणि पिलं जपते. तळहातावरची ती अंडी बघितली की कळतं, आपली गाठ कुणाशी आहे.

ही मूळची आफ्रिकेची. १९५२ मध्ये ती भारतात आणली, तळ्यांत वाढवायला. १९८० मध्ये उजनी धरण झालं, वाहती भीमा थांबली, आणि चिलापीला हवं तसं संथ, उथळ काठाचं पाणी मिळालं. ती धरणभर कशी पसरली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मला नेहमी विचारतात, "सर, परका मासा वाढला तर खाऊन टाकू, त्यात काय अवघड आहे?" कल्पना चांगली आहे. जगात ती राबवूनही पाहिली आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये लायनफिश दिसला. हा आपल्या बाजूच्या समुद्रातला, अंगावर विषारी काटे असलेला मासा. तिथं त्याला खाणारं कुणी नव्हतं. पाणबुड्यांनी भाल्यानं टिपायच्या स्पर्धा भरवल्या, हॉटेलांत तो विकायला लागला. जिथं लोक सतत उतरत राहिले, तिथल्या प्रवाळांवर तो कमी झाला. पण तो पाणबुड्याच्या आवाक्याखालीही, शेकडो फूट खोल राहतो, आणि तिथून परत वर येतो. म्हणजे खाण्यानं जागा राखता येते, मासा नाहीसा होत नाही.

आता उजनी बघा. पुणे-सोलापूर रस्त्यावर गाडी थांबवून चिलापी फ्राय खाल्ली नाही असा माणूस विरळा. काटे कमी, मांस भरपूर, भाव परवडणारा. वर्षानुवर्षं आपण ती खातोय. कमी झाली का? उलट, मोठी चिलापी जाळ्यात गेली की मागे राहिलेल्यांना खायला जास्त मिळतं, आणि दाटी झाली तर ही मासळी वीतभर व्हायच्या आतच अंड्यावर येते. जगण्याची अशी तयारी असलेल्या माशाला नुसत्या जिभेच्या चवीनं हटवता येत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. चिलापीवर आज शेकडो चुली पेटतात. तुमच्या मुलांच्या फिया त्यातून जातात. उद्या कुणी म्हणालं की ती संपवा, तर पहिला विरोध तुम्हीच कराल, आणि तो रास्त असेल. जो मासा संपवायला आपण खायला सुरुवात करतो, त्याचा बाजार बसला की त्याला टिकवायची गरज आपल्यालाच वाटायला लागते. म्हणून नव्या परक्या माशाच्या बाबतीत आधीच ठरवायला हवं की हा मासा पकडायचा, विकायचा, पण त्याचं बीज कुठल्याही पाण्यात सोडायचं नाही. मांगूरच्या बाबतीत हे पाळलं नाही. आफ्रिकन मांगूरवर बंदी असतानाही चोरून तळी भरली जातात आणि पुरात तो नदीत उतरतो.

जाळ्याचंही तसंच. चिलापीची पिलं काढायची म्हणून वडाप, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं, ओढलं, तर त्याच बारीक जाळ्यात वाम, शिंगटा, मरळ यांची पिलंही येतात. काठावर वाळत घातलेल्या बारीक मासळीत मी स्वतः ती वेचून बघितली आहेत. अशी पकड चिलापीच्याच फायद्याची.

सकर हा दुसरा परका मासा, तोही खाऊन हटवता येईल का, असं तुम्ही विचारलंत. काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला लोक तो आणतात, मोठा झाला की नदीत सोडतात. अंगावर हाडांचं चिलखत, जाळी फाडतो, काठात बिळं करतो, पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहतो. मेक्सिकोत बाल्सास नदीवर इन्फिएर्निल्यो नावाचं धरण आहे. तिथली मासेमारीही चिलापीवरच चालायची. सकर शिरला आणि जाळी त्याच्यानंच भरायला लागली. तिथले लोक त्याला 'सैतान मासा' म्हणतात. अॅमेझॉनच्या काठी हा मासा आवडीनं खातात, हे खरं. पण उजनीत पुण्याचं सांडपाणी येतं आणि सकर तळाचा गाळ चाटतो. त्याच्या मांसाची तपासणी झाल्याशिवाय 'खा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. मात्र जाळ्यात आला तर परत पाण्यात टाकू नका.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवले. शास्त्रीय नावं देताना त्यानं इथल्याच लोकांच्या तोंडची नावं घेतली. खुद्री, कोळस, नुक्ता. नुक्त्याच्या नाकाडावर टेंगूळ असतं. भीमेकाठच्या माणसांनी दिलेली ही नावं आज जगभरच्या पुस्तकांत आहेत. इथल्या लिलावात मात्र नुक्ता मला एकदाही दिसला नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. चिलापी भरपूर पकडा, भरपूर विका, मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, जाळ्यानं. आणि रोजच्या पकडीत देशी मासा किती, चिलापी किती, सकर किती, एवढं लिहून ठेवा. कोऱ्या वह्या मी आणल्या आहेत, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्यात. प्रत्येक होडीमागे एक घ्या.