धरण फुटलं म्हणे!

नमस्कार श्रोतेहो.

चालू घडामोडी म्हणजे फळ्यावर पाच मथळे आणि पोरांनी ते वहीत उतरवायचे, ही आपली जुनी रीत. आता गोव्यातल्या बऱ्याच शाळांत स्मार्टबोर्ड आले. मथळे तसेच राहिले, खडू तेवढा गेला. काही ठिकाणी तर बोर्डावर चादर असते, पाहुणे आले की उतरते!

साखळीकडच्या एका शाळेतल्या बाईंनी सांगितलेला किस्सा ऐका. सातवीचा वर्ग, बाहेर पाऊस कोसळतोय. एक मुलगा धावत आला, ‘‘बाई, अंजुणे धरण फुटलं! बाबांच्या मोबाइलवर फोटो आलाय!’’ झालं, वर्गात एकच गलका. नदीकाठची दोन पोरं तर रडकुंडीला आली. पालकांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरत होता. बाईंनी तो सरळ बोर्डावर मोठा करून लावला. म्हणाल्या, ‘‘फोटो कुणी काढला? कुठे काढला? कधी काढला?’’

सगळे बघत बसले. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘बाई, ह्यात एक पण माड नाही.’’ खरंच की! माड नाही, पोफळ नाही, काठाला सगळी सूचिपर्णी झाडं. बाईंनी फोटोवरून शोध घेणारी गुगल लेन्स लावली, तर हाच फोटो परदेशी संकेतस्थळांवर कित्येक वर्षं पडून होता.

तरी एकाचं समाधान होईना. त्याची मावशी धरणाच्या पायथ्याशी, केरीला. बाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. ‘‘मावशी, धरण फुटलं?’’

‘‘अरे, फुटलं असतं तर मी इथं माशाचं हुमण ढवळत बसले असते? दारं तेवढी उघडलीत. पाण्याजवळ जाऊ नका.’’

वर्ग हसला, पण बाईंनी तिथेच धरलं. फोटो खोटा, पण पाणी सोडलंय हे खरं. मग गुगल अर्थवर केरीपासून साखळीपर्यंत बोट फिरवत मुलांनी वाट शोधली: धरणातून सुटलेलं पाणी वाळवंटी नदीत येतं आणि साखळीचा बाजार धास्तावतो.

तर तेच तीन प्रश्न, पुन्हा सांगतो. कुणी, कुठे, कधी. टीव्हीवरच्या चर्चेला हे विचारून बघा, अर्धा तास वाचेल!

म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या बातमीचंही असंच करता येतं. 2018 च्या ऑगस्टमध्ये पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादाने गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिलं. टीएमसी म्हणजे किती, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. गावातल्या टाकीवर लिटर लिहिलेले असतात. अशा किती टाक्या भरतील, हा भागाकार पोरांना करू द्या, मग कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा पाणी प्रकल्पाचा नकाशा उघडा.

पावसात नेटवर्क गेलं तर? आदल्या संध्याकाळी तीन वर्तमानपत्रांची ई-पानं उतरवून ठेवा. एकच बातमी, तिघांची. बोर्डावर शेजारी शेजारी लावा आणि कुणी कुठला आकडा गाळला, ते मुलांनाच शोधू द्या.

नमस्कार.