केस पेंडिंग, नोकरी दुसऱ्या राज्यात

नमस्कार मंडळी. मी इथे अमेरिकेतल्या कोर्टांत मराठी दुभाष्याचं काम करते. सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही, तो वकिलाचा प्रांत. पण कोर्टाबाहेरच्या बाकावर एक प्रश्न हमखास येतो: "ताई, केस चालू आहे आणि नोकरी दुसऱ्या राज्यात लागलीय. जाऊ का?"

याचं उत्तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्याच पिशवीत असतं. अटकेनंतर सुटताना घाईघाईत सही केलेला तो कागद काढा. त्यावर सुटकेच्या अटी असतात. कुणाला राज्य सोडायला मनाई, कुणी फक्त पत्ता बदलल्याचं कळवायचं, कुणाचा पासपोर्ट जमा. बाहेर जाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर सहसा जाता येतं, मात्र तारखेला हजर राहायचं. तरी कागद वकिलाला दाखवाच. मनाई असेल तर न्यायाधीशांची परवानगी लागते, तीही निघण्याआधी आणि लेखी. अर्जासोबत ऑफर लेटर, नवा पत्ता, फोन नंबर जोडतात. एकही तारीख चुकवलेली नसेल तर असे अर्ज मंजूर होताना मी पाहिलेत. सामानाचा ट्रक रवाना करून मग परवानगी मागायला आलेला माणूसही पाहिलाय. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मला पुढचं कळलं.

बेल बॉन्ड एजंटमार्फत, म्हणजे फी घेऊन जामीन राहणाऱ्या धंदेवाइकामार्फत, सुटला असाल तर त्यालाही विचारावं लागतं. त्याच्या करारात राज्य सोडण्यावर बंधन बहुधा असतंच, कारण तुम्ही हजर झाला नाहीत तर पैसे त्याच्या अंगावर येतात. हे फार जुनं आहे. 1872 साली सर्वोच्च न्यायालयापुढे टेलर विरुद्ध टेंटर खटला आला. कनेक्टिकटमध्ये जामिनावर सुटलेला आरोपी न्यूयॉर्कला गेला, तिथून दुसऱ्याच गुन्ह्यासाठी त्याला मेन राज्यात नेलं आणि कनेक्टिकटची तारीख हुकली. जामीनदार म्हणाले, आमचा काय दोष? न्यायालयाने ऐकलं नाही. तुम्ही त्याला राज्याबाहेर जाऊ दिलंत, भरा पैसे.

पण खरा घोळ होतो तो पत्त्याचा. व्हिसावरचा माणूस घर बदललं की 10 दिवसांत इमिग्रेशनचा एआर-11 फॉर्म भरतो आणि समजतो, सरकारला कळलं. फौजदारी कोर्टाला त्यातलं काही कळत नाही. कोर्टाचं पाकीट जुन्या अपार्टमेंटवर जातं, पिवळं स्टिकर लागून परत येतं, तारीख हुकते, वॉरंट निघतं.

एक मुलगा आठवतो. खुल्या कोर्टात घडलं म्हणूनच सांगते. गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने थांबवलं, लायसन्स कॉम्प्युटरवर तपासलं, तर दुसऱ्या राज्याचं वॉरंट. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी पळालो नाही हो, मला तारीखच माहीत नव्हती." मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. उपयोग शून्य. कशासाठी राज्य सोडलंत याला इथे महत्त्व नाही, हे 1906 पासून ठरलेलं आहे: आरोप एका राज्यात आणि माणूस दुसऱ्या राज्यात सापडला, की कायद्याच्या भाषेत तो फरारच.

छोट्या गुन्ह्यासाठी कोण न्यायला येतंय, असं मित्र सांगतात. येत नाहीत बऱ्याचदा, खरं आहे. पण आरोपीला दुसऱ्या राज्याकडे सोपवण्याच्या राज्यघटनेतल्या कलमात छोटे गुन्हेही येतात आणि वॉरंट आपोआप मिटत नाही. शिवाय न्यायला येतात की नाही हे ठरेपर्यंत आत कोण बसतं? बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या कायद्यात आधी 30 दिवसांपर्यंत, मग वाढवून आणखी 60 पर्यंत.

तारीख आधीच हुकली असेल, तर केस ज्या राज्यात आहे तिथलाच वकील गाठा. नव्या गावचा वकील सहसा त्या कोर्टात उभा राहू शकत नाही. वॉरंट मागे घ्यायचा अर्ज केसच्या राज्यातला वकील करेल, आणि तुम्ही कधी नि कसं हजर व्हायचं तेही तोच सांगेल. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.