बाड गास्टाइन : कड्यावरचे उभे गाव

श्रोतेहो, नमस्कार.

हॉटेलात रस्त्यावरून आत पाऊल टाकावे आणि कळावे की आपण मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर आहोत; खाली अजून कितीतरी मजले आहेत, दरीत उतरत गेलेले. ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनमध्ये हे नेहमीचेच. वरच्या रस्त्यावरून खालच्या चौकात यायला लोक चक्क पार्किंगच्या इमारतीतली लिफ्ट वापरतात.

जर्मन भाषेत ‘बाड’ म्हणजे स्नान. आल्प्समध्ये, सुमारे हजार मीटर उंचीवर वसलेले हे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव. सपाट जागा म्हणाल तर हातरुमालाएवढी. मग इथे वस्ती झालीच का? पाण्यामुळे. डोंगराच्या पोटात खोलवर तापलेले पाणी इथल्या कड्यातून सतरा-अठरा झऱ्यांनी बाहेर येते, रोज सुमारे 50 लाख लिटर. सर्वांत गरम झऱ्याचे तापमान 46-47 अंश. आणि या झऱ्यांच्या अगदी शेजारून, गावाच्या मधोमध, तीन टप्प्यांत 341 मीटर कोसळणारा धबधबा! गरम पाणी सोडून कोण कुठे जाणार? गाव आडवे पसरू शकले नाही, ते उभे वाढले.

या पाण्याची कीर्ती जुनी. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने त्यावर लिहिले. तेव्हा या खोऱ्यात सोन्याच्या खाणी जोरात होत्या. पुढे साल्झबुर्गचे आर्चबिशप कोलोरेडो (हो, तेच, ज्यांच्याशी मोझार्टचे बिनसले) यांनी 1791 मध्ये इथे स्नानासाठी वाडा बांधायला घेतला. लाकडी घरांच्या गर्दीत तो दगडी वाडा केवढा रुबाबदार दिसला असेल!

पुढचे शतक राजेरजवाड्यांचे. 1865 च्या ऑगस्टमध्ये धबधब्याला खेटून असलेल्या श्ट्राउबिंगर हॉटेलात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने करार केला. डेन्मार्ककडून जिंकलेले प्रदेश वाटून घेतले : श्लेस्विगचा कारभार प्रशियाकडे, होल्स्टाइनचा ऑस्ट्रियाकडे. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या लेखी तो इमारतीच्या भेगा बुजवण्याचा प्रकार होता. भेगा वर्षभरही बुजून राहिल्या नाहीत. 1866 मध्ये युद्ध झालेच.

गावाचे आजचे रूप मात्र रेल्वेने घडवले. 1905 मध्ये गाडी इथवर आली, 1909 मध्ये टाउअर्न बोगद्यातून पलीकडेही गेली. त्याच वर्षी ‘ग्रँड हॉटेल द लुरोप’ उघडले. कड्याला चिकटलेली, खिडक्यांच्या रांगांवर रांगा असलेली ही हॉटेले दुरून पाहिली की डोंगरात कुणी मोठ्या शहराचा तुकडा आणून ठेवल्यासारखे वाटते.

याच गावात 1937 च्या डिसेंबरात एक भारतीय पाहुणा लिहीत बसला होता. सुभाषचंद्र बोस. आत्मचरित्राची दहा प्रकरणे त्यांनी इथे दहाएक दिवसांत लिहून काढली. ते पुस्तक अपुरेच राहिले. त्याच महिन्याच्या 26 तारखेला इथेच त्यांनी एमिली शेंकल यांच्याशी गुपचूप लग्न केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

नंतर काँक्रीट आले. गेर्हार्ड गार्स्टेनाउअर या वास्तुविशारदाने 1974 च्या सुमारास गावाच्या ऐन मध्यभागी परिषद-भवन उभारले. नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते आवडते. जुन्या हॉटेलांची नक्कल न करता त्याने उतार जसा आहे तसा स्वीकारला आणि छतालाच चौक केले. सपाट जागेच्या भुकेल्या गावाला याहून मोठी भेट कोणती? पण ते भवन वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. तीच गत धबधब्याशेजारच्या चौकाची. श्ट्राउबिंगर आणि आर्चबिशपांचा वाडा रिकामे पडले, भिंतींना ओल आली, रंग पोपडे धरून गळू लागला. अखेर 2017 मध्ये साल्झबुर्ग प्रांताने त्या इमारती विकत घेतल्या, पुढे गुंतवणूकदाराला दिल्या, आणि 2023 मध्ये तिथे पुन्हा पाहुणे आले. वाड्याच्या मागे आता काँक्रीटचा नवा मनोरा उभा आहे. पोहण्याचा तलाव त्याच्या गच्चीवर आहे. खाली जागा होतीच कुठे?

नमस्कार.