पहाटेच मासे का मरतात?

नमस्कार मंडळी! रात्रीतून तळ्यात मासे मरून वर तरंगायला लागले की लगेच कुजबुज सुरू होते, कुणीतरी विष कालवलं. पण पुष्कळदा त्या पाण्यात विषाचा थेंबही नसतो. खत असतं.

शेतांतून वाहून आलेलं खत, सांडपाणी, जनावरांचं शेण. यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात. शेवाळ एरवी यांच्याच तुटवड्यामुळे आटोक्यात असतं. आयतं खाद्य मिळालं की ते माजतं.

दिवसा हेच शेवाळ ऑक्सिजन सोडतं. भर दुपारी मोजा, आकडा झकास येईल! (मोजणारेही इथेच फसतात.) रात्री मात्र उजेड नाही, आणि श्वास सगळ्यांचाच चालू: मासे, शेवाळ, जीवाणू. म्हणून ऑक्सिजनचा तळ गाठला जातो तो उजाडण्याच्या जरा आधी. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तिथे तग धरत नाहीत. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करताना दिसले, तर ते घुसमटतायत.

त्यात मेलेलं शेवाळ तळाशी बसतं आणि ते कुजवताना जीवाणू तिथला उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. मासे निदान पळू तरी शकतात. शिंपले कुठे जाणार? मिसिसिपी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मेक्सिकोच्या आखातात 2017 साली असा गुदमरलेला पट्टा 22,720 चौरस किलोमीटर भरला होता.

आता माझा आवडता प्रयोग. 1973 साल, कॅनडातलं 226 क्रमांकाचं तळं. शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली! वरून काढलेला फोटो बघा, वेगळं काही सांगायची गरजच उरत नाही. म्हणजे त्या तळ्यात शेवाळाचा लगाम फॉस्फरसच्या हाती होता. समुद्रात मात्र बऱ्याच ठिकाणी तो नायट्रोजनच्या हाती असतो.

मग खत येणं थांबवलं की तळं लगेच सुधारतं? नाही ना! तळाच्या गाळातलं लोह फॉस्फरस धरून ठेवतं, पण ऑक्सिजन असेपर्यंतच. तो संपला की गाळ साठवलेला फॉस्फरस परत पाण्यात सोडतो. बाहेरून काही येत नसतानाही अशी तळी वर्षानुवर्षं हिरवी राहतात.