रिकाम्या चतकोरातला टोळ

नमस्कार श्रोतेहो.

2020 च्या मे महिन्यात, नवतपा लागला त्याच सुमारास, काटोल तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत टोळधाड उतरली. लॉकडाऊन होता, मी इथे नागपुरात घरात अडकलेले. धाकट्या भावाने फोनवर बाग दाखवली. आंबिया बहाराची लिंबाएवढी फळं, कोवळी नवती, आणि त्या नवतीवर बसलेला गुलाबी थर. कुरतडण्याचा आवाज फोनमधूनही येत होता, टिनावर बारीक पाऊस वाजतो तसा. धुऱ्यावर माणसं थाळ्या आणि डबे बडवत होती, कुणी कडुनिंबाचा पाला जाळून धूर करत होतं. भावाने विचारलं, "ताई, हे आलं तरी कुठून?"

बातम्यांत उत्तर होतं, राजस्थान आणि मध्य प्रदेशातून. माझं त्याने समाधान होईना. मी मागे मागे वाचत गेले. राजस्थानाआधी पाकिस्तान, त्याआधी इराण, त्याआधी येमेन, आणि या साखळीच्या पार टोकाला एक वाळवंट, रुब अल खाली. अरबीत अर्थ होतो रिकामा चौथा हिस्सा. माझ्या मनात तो रिकामा चतकोर म्हणूनच बसला, कारण चौथा हिस्सा म्हटलं की आपल्याला भाकरीच आठवते. हा चतकोर सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्यात महाराष्ट्र दोनदा मावेल आणि तरी कडेला जागा उरेल. सौदी अरेबिया, ओमान, येमेन आणि संयुक्त अरब अमिराती अशा चार देशांत तो पसरलाय. सहारा याच्याहून कितीतरी मोठं, पण त्यात खडक आणि गोटे फार. सलग वाळू म्हणाल तर एवढी मोठी पृथ्वीवर दुसरी नाही.

2018 साली या चतकोरावर दोन चक्रीवादळांचा पाऊस पडला. मे महिन्यात मेकुनू, ऑक्टोबरात लुबान. जिथे वर्षंच्या वर्षं थेंब पडत नाही, तिथे वाळूच्या डोंगरांमधल्या खळग्यांत तळी साचली. टोळाची मादी अंडी घालते ती ओल्या वाळूत, बोटभर खोल. वरून हिरवळ फुटली की पिल्लांच्या जेवणाची सोयही झाली. साधारण तीन महिन्यांत एक पिढी, आणि प्रत्येक पिढीत वीसपट वाढ. पहिल्या पावसाची ओल संपायच्या आत दुसरा पाऊस आला आणि तीन पिढ्या तिथेच झाल्या. तुम्हीच गुणाकार करा, वीस गुणिले वीस गुणिले वीस. आठ हजार पट! आणि एवढं सगळं होत असताना टोळांवर नजर ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. कळलं तेव्हा थवे उडाले होते.

मला वाळवंटांची ओढ लहानपणापासूनची. जैसलमेर, कच्छ झालं होतं. पण ही जागा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीच होती. गेल्या जानेवारीत आम्ही चौघं निघालो. नागपूर, मुंबई, मस्कत, तिथून ओमानच्या दक्षिणेचं सलालाह. पुढे दोन गाड्या, त्या भागातला एक वाटाड्या आणि त्याचा पुतण्या.

एक गाडी घेऊन तिथे कधीही जाऊ नये. एक रुतली तर ओढायला दुसरी लागते. वाळूत शिरण्याआधी वाटाड्याने आठही चाकांची हवा सोडली, पस्तीसवरून पंधरापर्यंत, म्हणजे टायर पसरतं आणि वाळूवर तरंगल्यासारखं चालतं. उंटाचा पाय बघा, तोही असाच पसरट. पाणी माणशी रोज सहा लिटर धरलं होतं, आणि जितके दिवस राहायचं त्याच्या दुप्पट दिवसांचं बरोबर घेतलं. हिशेब वाटाड्याचा होता, एक कॅनही त्याने कमी करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यातल्या एकाने हट्टाने गाडी चालवायला घेतली. वाळूत चाक फिरायला लागलं तसा त्याने ॲक्सिलेटर दाबला, आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली. सकाळची थंड वाळू घट्ट असते, दुपारची तापली की मऊ पडते. दीड तास आम्ही फावड्याने वाळू उपसत होतो. वाटाड्या रागावला नाही. सगळ्यांना आधी पाणी प्यायला लावलं, चाकांखाली पट्ट्या सरकवल्या आणि एवढंच म्हणाला, "इथे घाई केली की वाळू खाली ओढते." त्याला बऱ्यापैकी हिंदी येत होतं, तरुणपणी मस्कतला कामाला असताना शिकलेला.

उन्हाबद्दल मी जास्त बोलत नाही. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा ठेवून सीताबर्डीला जाणाऱ्या माणसाला ऊन सांगायला नको. शिवाय आम्ही हिवाळ्यात गेलो होतो. उन्हाळ्यात तिथे पारा पन्नाशीच्या वर जातो, तेव्हा कुणी जातही नाही. मला जाणवली ती रात्र. सूर्य गेला की अर्ध्या तासात स्वेटरवर शाल.

आणि ते डोंगर! अडीचशे मीटर उंचीपर्यंतचे, सकाळी जर्दाळूच्या रंगाचे, संध्याकाळी विटकरी. हा रंग लोहाचा, वाळूच्या कणावर गंजाचं पातळ पुट चढलेलं असतं. एकदा मी कड्यावर बसून पाय खाली सोडले, तर पायाखालची वाळू घसरायला लागली आणि सगळ्या उतारातून घुमल्यासारखा आवाज आला, दूरच्या विमानासारखा. पाय थांबवला तरी तो बराच वेळ येत राहिला. शहारा आला मला.

बाहेरच्या जगातला ज्याने हे वाळवंट पहिल्यांदा पार केल्याची नोंद आहे तो ब्रिटिश अधिकारी बर्ट्रम थॉमस, डिसेंबर 1930 मध्ये सलालाहहून निघून फेब्रुवारी 1931 मध्ये दोह्याला पोचला. पुढच्या वर्षी फिलबी हा दुसरा ब्रिटिश प्रवासी. पण या दोघांना नेणारे बदाऊ, म्हणजे वाळवंटातले भटके अरब लोक, पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूत उंट चारत होते. त्यांच्या बोलीत ती 'रिकामी' नाहीच, ते तिला नुसतं 'रिमाल' म्हणतात, वाळू. थॉमसला नेलं ते रशीद टोळीच्या शेख सालिह बिन कलुतने. हे नाव थॉमसच्या नावाबरोबर घेतलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

यांच्यानंतर आला विल्फ्रेड थेसिजर, हाही ब्रिटिश प्रवासी. 1946 ते 48 मध्ये त्याने दोनदा हे वाळवंट ओलांडलं, आणि तो तिथे पोचला कसा ठाऊक आहे? टोळ कुठे पैदा होतात ते शोधायच्या कामावर! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. जी जागा मी काटोलच्या बागेमुळे शोधत होते, तीच जागा ऐंशी वर्षांपूर्वी एक माणूस उंटावरून टोळांसाठी धुंडाळत होता.

तिसऱ्या रात्री मी वाटाड्याला टोळांविषयी विचारलं. अरबीत त्यांना जराद म्हणतात. त्याचे आजोबा ते भाजून, मीठ लावून खायचे. 2018 चा पाऊस त्याला लख्ख आठवत होता. "आमच्यासाठी आनंदाचं वर्ष होतं ते," तो म्हणाला. "उंट इतके माजले की वळवून वळत नव्हते." मी त्याला भावाच्या बागेचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बॅटरी घेतली आणि म्हणाला, "चला."

पावसाच्या जुन्या ओलीवर तग धरून राहिलेली झुडपं खळग्यात होती. पिवळी पाच पाकळ्यांची फुलं, जमिनीवर पसरलेल्या फांद्या. ते लोक त्याला झहरा म्हणतात. मी हात लावला आणि बोटात काटा रुतला, तेव्हा ओळख पटली. हा तर सराटा! आपल्या वावरात अनवाणी पायाला रुततो त्याच गोखरूचा भाऊबंद. वाटाड्या एकेका झुडपावर प्रकाश पाडत गेला. सहाव्या की सातव्या झुडपाशी थांबला.

एक टोळ होता. एकटाच. गुलाबी नव्हे, वाळूच्या रंगाचा, इतका की तो हलला नसता तर मला दिसलाही नसता. एकटा असतो तेव्हा टोळ असाच लाजरा राहतो, दुसरा जवळ आला तर दूर सरकतो. हिरवळ आटून दाटी झाली, मागच्या पायांना एकमेकांचे पाय घासायला लागले, की त्याचा स्वभाव पालटतो, रंग पालटतो, आणि थवा बांधतो. मी गुडघे टेकून अगदी जवळून बघितलं. डोळ्यावर उभ्या तपकिरी रेघा होत्या. जबडा सावकाश हलत होता, सराट्याचं पान कडेने खात होता. तोच आवाज मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आला नाही. मग तो उडून अंधारात गेला.

सलालाहला परतल्यावर मी भावाला फोन लावला. डोंगर, रात्र, रुतलेली गाडी, सगळं सांगितलं, आणि शेवटी तो टोळ. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"एकच होता?"

"एकच."

"आणि ताई, तिकडे पाणी केव्हा पडलं होतं?"