चाव्यांचा जुडगा

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावची ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवीचे वर्ग, पट ७२. विदर्भातील उन्हामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. वयाची ५८ वर्षे पूर्ण केलेले, वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचे काम पाहणारे येथील ज्येष्ठ शिक्षक ३० जूनला निवृत्त झाले. त्यांची, म्हणजे तिसऱ्या शिक्षकाची, जागा रिकामी राहिली आणि चौथी-पाचवीला शिकवणाऱ्या बाईंकडे शाळेचा प्रभार आला.

प्रभार घेणे म्हणजे एका कागदावर सही करणे नव्हे. त्या दिवशी दुपारी कपाट उघडले गेले, मुलांचा प्रवेश आणि शाळा सोडणे नोंदवणाऱ्या दाखल-खारीज रजिस्टरची पाने मोजली गेली, डेडस्टॉकमधील म्हणजे टिकाऊ सामानातील खुर्च्या यादीशी पडताळल्या गेल्या आणि तांदळाची पोती ताणकाट्यावर चढली. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे पूर्ण हजेरी असेल त्या दिवशी ७ किलो २०० ग्रॅम. हा हिशेब आता रोज बाईंच्या सहीने लागतो. खिचडी शिजली की वाढण्याआधी शिक्षकाने ती चाखून नोंदवहीत चव लिहायची असते. बाई चमचा तोंडात घालतात तेव्हा पाचवीच्या फळ्यावरचा भागाकार अर्धाच राहिलेला असतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. त्याखालच्या शाळेत ज्येष्ठ शिक्षकाने वर्गही सांभाळायचा आणि शाळाही. विदर्भातील खेड्यापाड्यांत अशा शाळा पुष्कळ आहेत. आपला वर्ग उत्तम चालवणारा शिक्षक शाळाही आपोआप चालवील, असे गृहीत धरणे आम्हाला त्या शिक्षकावर आणि त्याच्या मुलांवर अन्याय करणारे वाटते, कारण ही दोन निरनिराळी कामे आहेत.

बाईंना सर्वांत जड गेले ते सहकाऱ्याशी बदललेले नाते. दुसरे सर तालुक्याहून एसटीने येतात. इतकी वर्षे दोघांनी एकाच टेबलावर डबा उघडला. आता त्यांच्या उशिराची नोंद बाईंनी घ्यायची होती. पहिला महिना त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तेवढे दिवस सरांच्या पहिली ते तिसरीची मुले परिपाठानंतर नुसती बसून राहिली. शेवटी त्यांनी सरांना समोर बसवून स्पष्ट सांगितले की हजेरीपटावर खरी वेळच लिहिली जाईल. मात्र गाडी चुकली तर सर येईपर्यंत तिन्ही लहान वर्ग त्या स्वतःच्या वर्गात घेतील आणि त्याबदल्यात पोषण आहाराच्या नोंदी सर दुपारी पूर्ण करतील. सर दोन दिवस अबोल राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नोंदवही स्वतःहून मागून घेतली.

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि हजेरी घसरली. पूर्वी बाईंना आपल्या वर्गातील गैरहजर मुले तेवढी ठाऊक असत. आता पाचही हजेरीपट त्या शेजारी-शेजारी मांडून पाहतात. तसे पाहताना दिसले की तिसरीतली एक मुलगी सलग नऊ दिवस आलेली नाही. बाई संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. आई नुकतीच वावरातून परतली होती. ती म्हणाली, “मॅडम, वेचाले गेल्याशिवाय भागत नाही. लहान्याले कोन पाह्यल?”

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या महिन्याच्या बैठकीत बाईंनी तांदळाचा विषय मागे ठेवून हा विषय आधी घेतला. समितीतल्याच एका आईने मार्ग सुचवला: वेचणी संपेपर्यंत मोठ्या बहिणींनी धाकट्यांना आवारातल्या अंगणवाडीत सोडायचे, सुटीत डोकवायचे आणि जाताना घरी न्यायचे.

सोमवारी सकाळी ती मुलगी तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन फाटकातून आत आली. बाई कमरेच्या जुडग्यातली चावी शोधत कार्यालयाच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कुलूप तसेच राहू दिले आणि मुलाला आपल्याकडे घेतले.